गेल्या मेमधल्या पुलावाबद्दल

लातूर,
फेब्रुवारीचा पहिला रविवार

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात तू आमच्याकडे जेवायला बसलास, तेव्हा पुलावातला मटार एकेक करून ताटाच्या कडेला लावत होतास. तुला वाटलं, कुणाचं लक्ष नाही. तुझ्या वहिनीनं मोजले, सतरा दाणे. तोंडानं तू "पुलाव फक्कड झालाय" म्हणालास आणि लोणच्याची बरणी जवळ ओढलीस. अरे, शाळेतून येताना लोकांच्या रानात घुसून टरफलासकट शेंगा खाणारा तू. तू मटार बाजूला काढतोस म्हणजे मटारातच काहीतरी झालं होतं, एवढं न कळण्याइतका मी खुळा नाही. तेव्हा बोललो नाही. परसातलं पहिलं पीक होतं ते, आणि सकाळपासून मी तुला त्याचंच कौतुक ऐकवत होतो.

आता सांगतो काय झालं होतं.

निवृत्तीनंतरचा तो पहिलाच हिवाळा. घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात दसरा झाल्यावर अर्केल जातीचा वाटाणा टोकला, तुराट्यांचा आधार दिला, भुरी दिसली तशी गंधकाची फवारणी केली. जानेवारीत शेंगांचा नुसता मारा सुरू झाला. खाऊन झालं, गल्लीत वाटून झालं, तरी टोपलं रिकामं होईना. मग पाच किलो दाणे सोलले, धुतले, पिशव्यांत भरले आणि फ्रीजरमध्ये ढकलून दिले. ही म्हणाली, "आधी उकळत्या पाण्यातून काढायचे असतात म्हणे." मी म्हणालो, "गार ठेवायची वस्तू आधी गरम कशाला करायची?" एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलेला माणूस हे बोलला, बघ.

मार्चपर्यंत बरं चाललं. एप्रिलात दाण्यांचा रंग उतरला, शेवाळी झाला. मेमध्ये पिशवी उघडली की वास यायचा, कडब्याच्या गंजीखाली दडपून राहिलेल्या चघळाचा असतो तसला. चावताना काही वाटायचं नाही, गिळल्यावर मागून कडवटपणा यायचा. तोच पुलाव तू खाल्लास. म्हणजे सतरा सोडून बाकीचे खाल्लेस, हा तुझा मोठेपणा.

कारण साधं आहे. शेंगेतून काढला म्हणून दाणा मरत नाही. त्याच्या पोटातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आपलं काम करत राहतात, आणि थंडीनं ती फक्त मंदावतात, थांबत नाहीत. वाटाण्यात स्निग्धांश म्हणशील तर नावालाच, पण लायपॉक्सिजनेज नावाचं एक विकर असतं, ते त्या नावापुरत्या स्निग्धांशालाही सोडत नाही. तोच तो गवताचा वास. ह्यावर उपाय एकच, दीड मिनिट उकळतं पाणी. "उष्णतेने विकरे निष्क्रिय होतात" हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! परीक्षेत दोन गुणांना यायचं. फळ्यावरून स्वयंपाकघरात यायला त्याला एकतीस वर्षं आणि तुझे सतरा दाणे लागले.

तर ह्या वर्षी मी रीतसर केलं. पहिला तोडा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या सणाला, गेला. धाकट्याच्या रानात, औशाकडे. कडब्याची कोप केली होती, पाच पांडव चुन्यानं रंगवून मांडले होते, अंबील माठात, आणि भज्जीत तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या बरोबरीनं आमचा वाटाणा. तू नव्हतास. पुण्यात येळवस म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धा दिवस जातो, सुट्टी कुठली मागू, असं तूच म्हणतोस. जाऊ दे.

साठवणीचा माल दुसऱ्या तोड्याचा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे मफलर गुंडाळून, पानांवर दव असताना तोडला. ही काही माझी हौस नाही. शेंग वेलावरून सुटली की दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर व्हायला लागतं, आणि ऊन जितकं तापेल तितकं ते भराभर होतं. सकाळी गोड असलेला दाणा उन्हात टोपल्यात राहिला तर संध्याकाळी पिठूळ लागतो. गंजगोलाईच्या बाजारातून घेतलेला मटार आणि परसातला मटार ह्यांत जो फरक आपल्याला वाटतो, तो खताचा नाही की पाण्याचा नाही, निव्वळ तासांचा आहे. तेव्हा तोडणं, सोलणं आणि उकळणं एकाच दिवशी, जमलं तर दुपारच्या आत. उद्यावर टाकायचंच असेल तर न सोलता, शेंगांसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं.

आता एक गंमत. बियाण्याला राखलेले दाणे मी बरणीत ठेवले होते, ते टोकायच्या आधी तळहातावर घेऊन बघत बसलो. सगळे सुरकुतलेले. आणि एकदम ट्यूब पेटली. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा तो गोल आणि सुरकुतलेला वाटाणा! दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, तीनास एक. हे आकडे मला झोपेतही येतात, पण सुरकुती असते कशामुळे, हे एकाही पोरानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अरे, सुरकुतलेला म्हणजेच गोड. त्याच्यात साखरेचा नीट स्टार्च होत नाही, साखर उरते. साखर जास्त म्हणून कोवळेपणी पाणी जास्त ओढतो, आणि वाळताना ते पाणी गेलं की कातडं सैल पडतं. आपल्या आज्या रगड्या-उसळीला जो पांढरा टणक वाटाणा भिजत घालायच्या, तो गोल, पिठाचा. म्हणजे ब्रनोच्या मठात तो पाद्री १८५० नंतरच्या दशकात वाटाणे मोजत बसला होता, ते एका अर्थी उसळीचे आणि पुलावाचे वेगळे करत बसला होता. माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे असं सांगता आलं नाही, ह्याची हळहळ वाटली. तू तरी ऐक.

बियाणं घेशील तेव्हा म्हणून सुरकुतलेलंच घे. फ्रीजरला तेच लागतं.

सोलायला ही, शेजारच्या काकू आणि दोन्ही नातवंडं. नऊ किलो शेंगांचे चार किलो दाणे पडले, पाव-अर्धा किलो नातवंडांच्या पोटात गेले ते वेगळे. टरफलं काकूंच्या म्हशीला. ज्या शेंगांची साल पांढुरकी, जाळीदार झाली होती त्या बाजूला काढल्या, त्यातले दाणे जून. हे डोळ्यांनी कळतं, पण माझ्यातला मास्तर स्वस्थ बसेना. पातेल्यात पाणी घेऊन मूठमूठ मीठ विरघळवत गेलो आणि थोडे दाणे सोडले. कोवळे वर तरंगले, जून तळाला. पिठाचा दाणा जड. कारखान्यांतसुद्धा मिठाच्या पाण्यातच निवड करतात. नातू म्हणाला, "आजोबा, हे खारट झाले ना आता?" झाले होते. त्यांची उसळ केली.

आता मुख्य काम. मोठ्या जर्मनच्या पातेल्यात आधण ठेवलं. अर्ध्या किलो दाण्यांना चार लिटर पाणी धर, कमी नको. पाणी कमी असलं तर दाणे पडताच उकळी बसते आणि परत यायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात दाणे नुसते कोमट पाण्यात डुंबतात, ते सगळ्यात वाईट. एका मिनिटाच्या आत उकळी परत फुटली पाहिजे, आणि फुटली की तिथून पुढे दीड मिनिट मोजायचं. शाळेच्या क्रीडास्पर्धांचं स्टॉपवॉच माझ्याकडे आहे. परत करायचं राहिलं, दुसरं काही नाही.

हे दीड मिनिट बघण्यासारखं असतं रे. दाणे टाकतोस तेव्हा ते फिकट, थोडे धुरकट हिरवे असतात. विसेक सेकंदांत, कुणी दिवा लावावा तसा रंग उजळतो. दाण्याच्या सालीत अडकलेली हवा निघून जाते म्हणून. पोपटी नाही, गर्द नाही, लुगड्याच्या काठाचा असतो तसा हिरवा. वासही बदलतो, कच्चा हिरवट वास जाऊन गोडसर वाफ येते. झाकण मात्र ठेवायचं नाही. भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर गेली पाहिजेत, कोंडली तर रंग काळवंडतो. चौथ्या घाण्याच्या वेळी फोन वाजला. थोरल्याचा होता, म्हणून घेतला. चार मिनिटं झाली. साली चिरमुटल्या, दाणे आतून पीठ पीठ. त्यांची आमटी झाली, चांगली झाली, पण फ्रीजरमधला एक हिस्सा गेला.

माझी आत्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकायची. रंग असा येतो की कुणी रंगवलेत असं वाटावं. पण साल मऊ पडते, दाणा बोटात धरला की आतलं वेगळं आणि बाहेरचं वेगळं, आणि जीवनसत्त्वंही जातात. मी टाकला नाही. साखर टाकायचीही काही घरांत पद्धत आहे. त्यानं बिघडत नाही, पण अर्केलला साखर घालणं म्हणजे गुळाच्या ढेपेवर साखर भुरभुरणं झालं.

दीड मिनिट झालं की चाळणीनं उपसून थेट बर्फाच्या पाण्यात. इथं आळस केलास तर सगळं फुकट, कारण दाणा आतून शिजतच राहतो. बर्फ दाण्यांच्या वजनाइतका तरी हवा. फ्रीजच्या ट्रेमधल्या खड्यांनी भागत नाही. मी दोन दिवस आधीपासून स्टीलच्या डब्यांत पाणी गोठवून ठेवलं होतं आणि बत्त्यानं फोडलं. दाणा दाताखाली धरून बघ. आत कोमट लागला तर अजून राहू दे.

बत्त्यावरून आठवलं. पहिला घाणा मी चाळणीत निथळला आणि लगेच पिशवीत भरला. दुसऱ्या दिवशी त्याचा धोंडा झालेला. वाटीभर दाणे हवे होते, तर बत्त्यानं पिशवी ठोकावी लागली, ही बघत उभी होती. तेव्हापासून दाणे जुन्या पंच्यावर पसरून, वरून दुसऱ्या फडक्यानं टिपून, मग ताटात एकेरी थरात फ्रीजरमध्ये. दोन-अडीच तासांनी ते गारगोट्या होतात. मग पिशवीत भरायचे, हवा दाबून काढायची. पिशवी हलवली की चिंचोक्यांसारखे खुळखुळले पाहिजेत. एकेरी थराचा आणखी एक फायदा, दाणा लवकर गोठतो. हळू गोठला की आत बर्फाचे मोठे खडे होतात, ते पेशी फाडतात आणि शिजवल्यावर दाणा लिबलिबीत लागतो. पिशव्या एकावेळच्या अंदाजानं कर, दोन-दोन वाट्यांच्या. एकदा बर्फ सुटलेला मटार परत गोठवायचा नाही. वापरताना मात्र सोडवायची गरज नसते, तसाच फोडणीत टाक, आणि शेवटी टाक, अर्धा शिजलेलाच असतो तो.

किती टिकतो? तुझ्या फ्रीजवर अवलंबून आहे. उणे १८ अंश मिळत असेल तर आठ-दहा महिने सहज. पण एकदारी फ्रीजच्या आतल्या बर्फाच्या खणात ते मिळेलच असं नाही. खणाच्या दारावर चांदण्या छापलेल्या असतात, एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका चांदणीत आठवडाभर, दोनमध्ये महिनाभर, बस्स. चांदण्या पुसल्या गेल्या असतील तर आइसक्रीम ठेवून बघ. चमचा रुतत नसेल तर ठीक.

आणि आपल्याकडची लाईट. उन्हाळ्यात दुपारी जाते ती कधी येईल ते तिचं तिलाच ठाऊक. फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाहीस तर बराच वेळ निभावतं. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेव. आपण गावाला गेल्यावर मागं काय झालं हे कसं कळणार? त्यासाठी वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. खाली बुडून वर बर्फ धरला असेल, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग त्या मटाराचा मोह करायचा नाही. माझ्या फ्रीजरमध्ये ती वाटी आता कायमची आहे, पाहुणे विचारतात.

पाण्याचं सांगायचं राहिलं. एवढं आठ लिटर उकळतं पाणी वापरायचं म्हटल्यावर माझा हात अडखळला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हापासून ह्या गावात पाणी ओतून द्यायला कुणाचा हात धजत नाही, पाऊस कितीही होवो. दोन पातेल्यांत आठ घाणे काढले, मधे मधे आधणाचं पाणी घालत. शेवटी ते हिरवट, गोडसर झालेलं पाणी थोडं आमटीला, थोड्यात हिनं भाकरीचं पीठ मळलं, उरलेलं निवल्यावर कढीपत्त्याला. बर्फाचं पाणी मिरच्यांच्या वाफ्याला गेलं.

तुझ्याकडच्या वहिनींनी फोनवर विचारलं होतं की काचेच्या बरण्यांत पाण्यासकट भरून, उकळून, झाकण घट्ट लावून फळीवर ठेवता येतात का, परदेशी बायका ठेवतात तसे. त्यांना माझा निरोप सांग, अजिबात करू नका. लोणचं टिकतं ते आंबटपणावर आणि मिठावर. वाटाण्यात आंबटपणा नाही. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत, आणि हवाबंद, आंबट नसलेली, फळीवरची बरणी म्हणजे त्यांना आवतण. बरणी दिसायला स्वच्छ, वास नाही, आणि आत विष. त्या बायका वापरतात ते त्याच कामाचं दाबमापक लावलेलं मोठं भांडं असतं, त्यात ११५ अंशांच्या वर तापमान ठरलेला वेळ धरून ठेवतात. आपला तीन शिट्ट्यांचा कुकर म्हणजे ते नव्हे.

फळीवर ठेवायचंच असेल तर आपल्याकडे ऊन कमी आहे का? तिसऱ्या तोड्याचे दीड किलो दाणे मी तसेच दीड मिनिट उकळून, गच्चीवर धोतराच्या पानावर वाळत घातले, वरून हिची जुनी वॉयलची साडी. आपल्या आया हुरडा भाजून वाळवून ठेवायच्या, तसंच. तीन उन्हं दिली, रात्री आत घेतले. किलोचे पावभर होतात. पिचून, काळपट हिरवे, दिसायला काही नाहीत, पण रात्रभर भिजवले की खिचडीत छान फुलतात. बाजारातल्या हिरव्याजर्द वाळक्या वाटाण्याशी तुलना करू नकोस. तो घेशील तेव्हा वाटीभर पाण्यात अर्धा तास टाकून बघ. पाणी हिरवं झालं तर वरचा रंग वाटाण्याचा नाही, मॅलाकाइट ग्रीनसारखं काहीतरी चोपडलेलं आहे.

आता वेल काढायला आलेत. दुपारी ऊन लागतं, फुलं गळतात, शेंगा दोनच दिवसांत जून होतात. मुळं मात्र उपटणार नाही, वरून कापून घेणार. मुळांवर नत्राच्या गाठी आहेत, त्या जमिनीतच राहू देत, तिथं मेथी टाकायची आहे.

फ्रीजरमध्ये सध्या बारा पिशव्या आहेत. परवा चाखायला एक फोडली, चांगली निघाली, पण तीन आठवड्यांत तर गेल्या वर्षीचीही चांगलीच होती. खरी परीक्षा मेमध्ये. म्हणून एका पिशवीवर हिनं तुझं नाव लिहून ती अगदी मागं, बर्फाला टेकवून ठेवली आहे. अक्षय्य तृतीयेला येणार म्हणालास, तर दोन दिवस काढूनच ये. वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. पुलावच करणार आहोत, आणि लोणच्याची बरणी मी आदल्या रात्रीच माळ्यावर टाकतो.

तुझा,
नाना